मार्सेलिनाचा शेवटचा सूर

“हे बघ, बाय,” म्हणत बास्त्याव अंकलनी ट्रम्पेटचा माउथपीस काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो उलटसुलट करून पाहिला. कडेचा चांदीचा मुलामा उडून आतलं पितळ दिसत होतं, ते नेहमीचंच. पण खालच्या निमुळत्या नळीच्या बाजूला एक गोल भोक होतं.

“अगं बाई! हे कसं झालं?”

“झालं नाही. पाडून घेतलं. नालासोपाऱ्याला एक लेथवाला आहे, त्याच्याकडून.”

विशीत असताना एका आगबोटीवरच्या वादकाकडून मिळालेला तो माउथपीस होता. गेली तीस-पस्तीस वर्षं अंकलनी दुसरा ओठाला लावला नव्हता. हॉटेलच्या बँडमध्ये, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, आमच्या रविवारच्या मैफलीत, सगळीकडे तोच. एकदा दादरला टॅक्सीत राहिला, तेव्हा हा माणूस दोन दिवस जेवला नव्हता. आणि आता त्यालाच त्यांनी भोक पाडलं होतं.

“यातून वारा नाही का जाणार?”

“वारा नाही, वीज जाणार,” अंकल खुशीत म्हणाले. भोकात त्यांनी शेंगदाण्याएवढा एक मायक्रोफोन बसवला, त्याची वायर पायाने दाबून आवाज वळवायच्या लोखंडी पट्टीला जोडली आणि तिथून पुढे एका मोठ्या स्पीकरला. ही सगळी सामग्री त्यांच्या लांबच्या भाच्याने, रॉकीने, बहारीनहून परतताना आणली होती. अंकलनी ट्रम्पेट ओठाला लावला, पाय पट्टीवर ठेवला आणि फुंकलं.

जो आवाज निघाला त्याला ट्रम्पेट म्हणायला माझी जीभ रेटली नसती. कुणीतरी तोंड उघडमीट करत बोलतंय, पण भाषा कळत नाही, असं काहीतरी. परसातल्या कोंबड्या फडफडत केळीत शिरल्या. पडवीत वाल सोलत बसलेली त्यांची थोरली बहीण मार्सेलबाय, जिला एरवी दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू जात नसे, तिने मान वर केली.

“आता कसं नीट ऐकू आलं,” ती म्हणाली. “तुझं ते जुनं फार रडकं होतं, बास्त्याव.”

ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीनंतरची, वसईतल्या एका गावची. बास्त्याव तुस्कानो हे नाव आज फारसं कुणाला सांगता येणार नाही. पण तेव्हा मुंबईत जॅझ ऐकणारी जी काही मंडळी होती, त्यांच्या लेखी ट्रम्पेट म्हणजे तुस्कानो. साठीला टेकलेला, उंच, जरासा वाकलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावच्या घरात तो आणि ही बहीण, दोघंच.

मी गिरगावातली, हेमलता आजगावकर. समोरच्या बिऱ्हाडातल्या पारशी बाईंकडे लहानपणी पियानो शिकले आणि तोच हातात बसला. मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवत होते. बावीस-तेवीस वर्षांची असताना कुणाच्या तरी ओळखीने अंकलसमोर वाजवायला गेले. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, “डावा हात चांगला आहे. उजव्याला घाई आहे. रविवारी ये.” त्या रविवारपासून मी त्यांच्या बँडमध्ये होते. समुद्रासमोरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारी आमची मैफल असे. नऊवारीतल्या माझ्या आजीला मी “इंग्रजी भजनाला” जाते असं सांगून ठेवलं होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती.

त्या मैफलीचा शेवट ठरलेला होता. अंकलनी स्वतः बांधलेली एक संथ चीज होती, नाव ‘मार्सेलिना’. अगदी खालून, कुजबुजल्यासारखी सुरू व्हायची, हळूहळू चढत जायची आणि शेवटी एका खूप वरच्या सुरावर थांबायची. तो सूर अंकल ओरडून काढत नसत, अलगद ठेवत. हॉलमध्ये कुणी हलत नसे. ही मार्सेलिना म्हणजे कोण, यावर जॅझवाल्यांत बऱ्याच गप्पा चालत. कुणी म्हणे कलकत्त्याची नर्तकी, कुणी म्हणे गोव्यातली कुणी श्रीमंताची मुलगी. आई लवकर गेल्यावर ज्या बहिणीने पानवेलीच्या मळ्यात राबून धाकट्याला वाढवलं, ती ही वाल सोलणारी म्हातारी, हे त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिला ती चीज रडकी वाटायची.

त्या दिवशी पडवीत अंकलनी माझ्यासमोर आणखी एक यंत्र ठेवलं. पेटीहून थोडं मोठं, वर पांढऱ्याकाळ्या पट्ट्या आणि बटणांची रांग.

“सिंथेसायझर. पियानो विसरून जा आता.”

“विसरून जा म्हणजे?”

“म्हणजे यावर वाजव. एकच सूरमेळ धरायचा. रॉकी खाली बास गिटार वाजवेल, सारखं तेच तेच, कंबर हलेल असं. वर तू आणि मी. याला फंक म्हणतात. तिकडे रस्त्यावरची पोरंही यावर नाचतात.”

“आणि गाणं कुठं आहे यात?”

“तेच शोधायचं,” ते म्हणाले.

मी एक पट्टी दाबली. मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज आला. बोटाखाली काही वजनच लागेना. पियानोची पट्टी तुमच्याशी हुज्जत घालते, ही नुसती होकार देत होती. माझ्या मनात आलं, साफ नाही म्हणावं. पण मी म्हटलं नाही, त्याला कारण होतं.

गेले काही महिने अंकल ‘मार्सेलिना’चा तो शेवटचा सूर घेत नव्हते. चढत चढत जायचे आणि पायरीभर खाली थांबायचे, किंवा सॅक्सोफोनवाल्याला खूण करून शेवट त्याच्यावर सोपवायचे. वाजवून झाल्यावर बोटाने वरचा ओठ चाचपायची सवयही लागली होती. पावसाळ्यात ते दातांच्या डॉक्टरकडे दोन-तीनदा जाऊन आले होते. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं भांडवल ओठात आणि समोरच्या दातांत असतं. ते गेलं की माणूस संपतो, आणि ते कधीतरी जातंच. मी दोन अधिक दोन चार केले. म्हाताऱ्याचा ओठ गेला, म्हणून ही वायर, ही पट्टी, हा गोंगाट. गोंगाटात कमीपणा झाकला जातो.

“बरं,” मी म्हटलं. “शिकते.”

अंकलनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाले, “चहा घेतेस?”

आमचा ड्रमर लेस्ली इतका समजूतदार नव्हता. पहिल्याच तालमीला त्याने तासभर कळ काढली, मग काठ्या खिशात खुपसल्या. “बास्त्याव, मी तुझ्याबरोबर लग्नात वाजवलं, मयतात वाजवलं, पण मिक्सरबरोबर वाजवणार नाही,” असं म्हणून तो उठला. सॅक्सोफोनवाला त्याच्या मागोमाग गेला. अंकल दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि येताना केळीची दोन सुकलेली पानं कापत आले. त्यांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी गावातल्याच एकाला ड्रमवर बसवलं आणि तालीम पुढे सुरू केली. दर शनिवारी मी वसईला जात राहिले.

जानेवारीत त्यांचा सत्कार ठरला होता. मुंबईतल्या जॅझप्रेमींचं एक मंडळ होतं आणि त्याचे सर्वेसर्वा होते सोली कराका. सोलीशेठना वाजवता काही येत नसे, पण ऐकावं तर त्यांनीच. अंकलची पंचवीस-तीस वर्षांतली एकही मैफल त्यांनी चुकवली नव्हती. दोघांची मैत्रीही जुनी. सत्काराच्या आधी एका दुपारी ते माझ्या शाळेत आले. मुली घरी गेल्या होत्या. पियानोशेजारच्या मुलींच्या छोट्या खुर्चीवर ते कसेबसे टेकले.

“हेमा, हे लेस्ली काय बोलते ते खरं हाय?”

“हो, सोलीशेठ. खरं आहे.”

“ट्रम्पेटला वायर?”

“वायर.”

मग त्यांनी स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. “हे गेला ना त्याचा?”

त्यांना जे दिसलं होतं तेच मलाही दिसलं होतं.

“मला वाटलाच,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बिचारा बोलत नाय. मानी माणूस. पण लोक कलकत्त्याहून येणार, बेंगलोरहून येणार. त्यांना सगळ्यांना मार्सेलिना पायजे. तू त्याला बोल नी. शेवटचा सूर नाय आला तरी चालेल. आमी डोळे बंद करून ऐकू. आमच्या डोक्यात तो सूर हायच.”

मी शनिवारी अंकलना हा निरोप दिला. ओठाचं सोडून बाकीचा. ते वायरीचा गुंता सोडवत होते.

“सोलीच्या डोक्यात तो सूर आहे, मग त्याला माझी काय गरज?” ते म्हणाले आणि हसले. विषय तिथेच संपला.

सत्कार रविवारी सकाळी झाला. हॉल भरला होता. बायका ठेवणीतल्या साड्या आणि मोत्यांच्या माळा घालून आल्या होत्या, लेस्लीही कोट घालून शेवटच्या रांगेत उभा होता. स्टेजवरचा मोठा काळा पियानो बाजूला सरकवून त्याच्यावर चादर टाकली होती, आणि त्याच्यासमोर लोखंडी स्टँडवर माझं ते मच्छरयंत्र. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं होतं.

सोलीशेठ इंग्रजीत बोलायला उभे राहिले. कागद हातात असून त्यांनी तो पाहिला नाही. जुन्या आठवणी सांगितल्या, लोक हसले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ते म्हणाले, “मित्रहो, ट्रम्पेट हे निर्दय वाद्य आहे. ते माणसाचा ओठ खातं. आमच्या बास्त्यावने आपला ओठ आपल्याला देऊन टाकलाय. आज त्याच्याकडून आपण कालचं मागू नये. तो जे वाजवेल ते त्या सगळ्या रविवारांची आठवण ठेवून ऐकूया.”

हॉलमध्ये एक हुंकार उठला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मी अंकलकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत जाईल. ते खुर्चीत आरामात बसले होते. त्यांनी कान खाजवला, उठले, सोलीशेठना मिठी मारली, शाल घेतली, फुलांचा गुच्छ स्पीकरवर ठेवला आणि वायर जोडली.

रॉकीने बास सुरू केला. चार सूर, पुन्हा तेच चार, पुन्हा तेच. ड्रम आले. मी तो एक सूरमेळ धरला. अंकलनी पट्टीवर पाय ठेवून पहिली फुंकर मारली आणि लोक दचकले.

आम्ही थांबलोच नाही. एक चीज संपून दुसरी सुरू होईल, या आशेने लोक काही वेळ सोसून बसले. पण संपण्यासारखं त्यात काही नव्हतंच. अंकल एक तुकडा टाकायचे, थांबायचे, बराच वेळ काही वाजवायचे नाहीत, नुसते मान हलवत ऐकत राहायचे, मग भलत्याच जागी दुसरा तुकडा. मी माझ्याकडून त्यांना सावरत होते. ते अडखळले असं वाटलं की मी खालून सूर भरायची, जागा मोकळी राहू नये म्हणून. माझा डावा हात त्या दिवशी एखाद्या नर्ससारखा वागत होता.

“मार्सेलिना!” कुणीतरी ओरडलं. मग दुसरीकडून, मग तिसरीकडून. पुढची रांग अवघडली. मग एकेक खुर्ची सरकायला लागली. लोक शिष्टाचार पाळून, वाकून, हळूच बाहेर जात होते. त्यापेक्षा शिट्ट्या मारल्या असत्या तर बरं. आम्ही संपवलं तेव्हा हॉल अर्धाही उरला नव्हता. उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसांनी वाजवाव्यात तशा.

सोलीशेठनी मला त्यांच्या गाडीतून गिरगावला सोडलं. वाटेत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “हेमा, त्याला थांबव. तुझा ऐकेल.”

मीही तेच ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी जायचं आणि प्रेमाने, मान राखून सांगायचं की आता पुरे. कसं सांगायचं याची वाक्यं मी घरात जुळवत होते. पण बुधवारीच रॉकीचा फोन शेजाऱ्यांकडे आला. मार्सेलबाय गेली. सकाळी विहिरीवरून आली, पडवीत टेकली आणि तिथेच.

मी पोहोचले तेव्हा दुपार उतरायला लागली होती. अंगणात गाव जमलं होतं. लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या शवपेटीभोवती बसून प्रार्थना म्हणत होत्या. अंकल काळा कोट घालून दाराशी उभे होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. मग गावच्या बँडमधल्या मिंगेल नावाच्या म्हाताऱ्याकडे गेले आणि म्हणाले, “मिंगेल, तुझा माउथपीस दे जरा. माझ्याला भोक आहे.”

मिंगेलने कोटाच्या बाहीला पुसून दिला. परका माउथपीस, अंकलच्या ओठाला कधी न लागलेला.

दफनभूमी चर्चच्या मागे, ताडाच्या झाडांपाशी होती. फादरांची प्रार्थना संपली, पेटी खाली उतरवली, लोकांनी मूठमूठ माती टाकली. अंकल कुंपणाच्या भिंतीपाशी सरकले आणि त्यांनी ‘मार्सेलिना’ सुरू केली.

वायर नाही, स्पीकर नाही, माझा डावा हात नाही. उघड्या आभाळाखाली एकट्या ट्रम्पेटला लपायला जागा नसते. खालून, कुजबुजल्यासारखी सुरुवात झाली. मी नकळत मातीकडे बघायला लागले, कारण पुढे काय होणार ते मला बघवणार नव्हतं. सूर चढत गेले. वळणं सगळी जिथल्या तिथे. श्वास घेतलेला कळतही नव्हता. ज्या पायरीवर ते गेले काही महिने थांबत होते ती आली आणि गेली, आणि त्यांनी तो शेवटचा सूर वर नेऊन ठेवला. कापला नाही, चिरकला नाही. मी पहिल्या रविवारी ऐकला होता त्याहून तो हलका होता. त्यांनी तो धरला, धरून ठेवला, आणि मग बारीक करत करत कधी सोडला ते कुणालाच सांगता आलं नसतं.

गावातल्या लोकांनी क्रूसाची खूण केली. मिंगेल आपला माउथपीस परत घेऊन खिशात टाकत म्हणाला, “चांगला वाजला.” बस, एवढंच.

लोक पांगले. आम्ही घरी आलो. शेजारणींनी पेजेचं पातेलं आणून ठेवलं होतं. अंकल कोट काढून मागच्या विहिरीच्या कठड्यावर बसले. मी शेजारी बसले.

“अंकल, तुमचा ओठ...”

“काय झालं माझ्या ओठाला?”

“सोलीशेठ त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले.”

“सोली चांगला माणूस आहे. किती छान बोलला.”

“पण ते खोटं होतं! तुम्ही तिथेच हे वाजवून दाखवलं असतं तर...”

“तर काय? पुढच्या रविवारी पुन्हा हेच मागितलं असतं.” त्यांनी कठड्यावरची माती बोटाने खरवडली. “तो सूर मी सोडायला लागलो ना, ते का, सांगू? एक दिवस वाजवताना समोर लक्ष गेलं. मी अजून दोन सूर खाली होतो आणि लोकांनी टाळीसाठी हात उचलून ठेवले होते. सूर यायच्या आधी. त्यांना माहीत होतं तो येणार. मलाही माहीत होतं. मग मी कशाला पाहिजे होतो तिथे?”

“मग दातांचा डॉक्टर?”

“मागची दाढ किडली होती, बाय. माणसाला दाढा पण असतात.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मार्सेलबायला पुरून आलो होतो आणि आम्ही दोघं विहिरीवर बसून हसत होतो.

“लोकांना वाटतं, जमत नाही म्हणून म्हातारा दुसरीकडे वळला,” मी म्हटलं. खरं म्हणजे लोकांना नाही, मला वाटत होतं.

“जमत नसतं तर तेच धरून बसलो असतो,” ते म्हणाले. “माणूस न जमणारं सोडत नाही. मरेपर्यंत त्याच्या मागे लागतो. जमलं, पुरतं जमलं, की मग हात रिकामे होतात.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “आज वाजवलं ते मार्सेलसाठी. तिला आवडायचं नाही, तरी. तिला आता कुठे ऐकू येतंय.”

केळीत वारा सुटला होता. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी उठणार तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं.

“तू माझी कीव करत वाजवत होतीस.”

मी मान खाली घातली.

“पहिल्या दिवसापासून. चहा घेतेस का विचारलं ना, तेव्हाच कळलं होतं. मी जागा मोकळी सोडतो, तू धावत येऊन भरतेस. मी पडणार म्हणून खाली गादी घालतेस. मला गादी नको, बाय. समोर कुणीतरी भांडायला पाहिजे. जमेल का बघ. नाही जमलं तर तू तुझ्या पियानोवर जा. मला वाईट वाटणार नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “वाटेल. पण चालेल.”

मी घरी आले. काही दिवस वसईला गेले नाही. शाळेतला पियानो वाजवत बसायची. सगळं जमत होतं. बोटं कुठे जाणार ते मला आधीच कळत होतं आणि ती तिथेच जात होती. अंकल म्हणाले होते ते मला त्या पियानोवर समजलं. उजव्या हाताची घाईसुद्धा कधीच गेली होती आणि ती कधी गेली ते मला आठवेना. एका शनिवारी मी उठले आणि वसईची गाडी पकडली. अंकलनी दार उघडलं, काही विचारलं नाही. सिंथेसायझरवरचं फडकं काढून दिलं.

पुढचे काही महिने आम्ही खूप वाईट वाजवलं. मी मुद्दाम त्यांच्या आड जायची, ते वैतागायचे, रॉकी कंटाळायचा. बटणं फिरवून मी त्या यंत्रातून असले आवाज काढले की शेजारचा कुत्रा रडायचा. पण हळूहळू मच्छर गेला. ती पट्टी हुज्जत घालत नव्हती हे खरं, पण सूर दाबून झाल्यावरही तो वाकवता येत होता, ताणता येत होता, पियानोत जे कधीच शक्य नव्हतं. मला त्याची चटक लागली.

हॉटेलने आमचा रविवार दुसऱ्या कुणाला दिला होता. त्यामुळे आमची पुढची मैफल झाली ती गावच्या चर्चच्या सणाला, मे महिन्यात. मैदानात मांडव घातला होता. संध्याकाळी मिस्साची प्रार्थना आटोपल्यावर लोक जेवणाआधी नाचायला जमले होते. पोरंटोरं, मुंबईहून आलेले पाहुणे, लुगड्यांतल्या म्हाताऱ्या. मांडवाच्या टोकाला मला सोलीशेठ दिसले, सफेद डगला घालून उभे. अंकलनी त्यांना निरोप धाडला होता, पण ते येतील असं मला वाटलं नव्हतं.

रॉकीने बास धरला. चार सूर. अंकलनी एक तुकडा टाकला आणि जागा मोकळी सोडली. माझं बोट सवयीने भरायला निघालं, ते मी आवरलं. जागा तशीच राहू दिली. ती इतकी लांबली की एक पोरगी नाचता नाचता थांबली. मग मी त्यांच्या सुराला अगदी लागून, त्याला खेटून, न शोभणारा सूर जोरात दाबला आणि वाकवला. अंकलनी गर्रकन मान वळवली. मला वाटलं, चिडले. त्यांनी तोच सूर ट्रम्पेटवर उचलला, पट्टीवर पाय दाबून तो चावल्यासारखा केला आणि माझ्याकडे परत फेकला. मी दुसरा फेकला. ते त्याच्या वरून गेले, मी खालून. पुढे कुठे जायचं ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. साठीचा माणूस नदीत पहिल्यांदा उतरलेल्या पोरासारखा दिसत होता. खालची जमीन हलायला लागली होती. लोक नाचत होते. म्हाताऱ्या उठल्या, त्यांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले आणि त्यांच्या जुन्या लग्नातल्या नाचाच्या पावलांवर त्या आमच्या तालाला मिळाल्या. कुणीही काही मागितलं नाही.

त्यानंतर अंकल आणखी बरीच वर्षं वाजवत होते. मुंबईच्या जॅझवाल्यांनी त्यांना माफ केलं नाही. त्यांच्या लेखी तुस्कानो त्या जानेवारीतच संपले. आम्ही कॉलेजांत वाजवलं, सणांना वाजवलं, एकदा एका गोदामात चाळीसेक पोरांसमोर वाजवलं. ‘मार्सेलिना’ त्यांनी लोकांसमोर पुन्हा कधी वाजवली नाही. तिचा तो सूर त्यांच्याकडे शेवटपर्यंत होता, हे मी सांगत राहिले, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

सणाच्या त्या संध्याकाळी मध्ये आम्ही जरा थांबलो. घामाने निथळत अंकल पाणी पीत होते. सोलीशेठ गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आले. त्यांच्या डगल्याला कुणाच्या तरी पोराने रव्याच्या लाडवाचे हात पुसले होते. खूप वेळ ते नुसते अंकलच्या तोंडाकडे बघत राहिले. तो दुखणाईत ओठ शोधत असावेत, आणि तो काही सापडत नसावा.

“बास्त्याव,” शेवटी ते म्हणाले, “मला यातला काय कळला नाय.”

“बरं.”

“आता पुढे काय वाजवणार?”

“माहीत नाही, सोली,” अंकल म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, बस.”

सोलीशेठनी इकडेतिकडे पाहिलं, एका म्हातारीजवळची रिकामी खुर्ची ओढून घेतली, आणि बसले.